रियाधमध्ये मी लावलेलं पहिलं लग्न

आमच्या घरात मी सोडून सगळ्यांची लग्नं झाली होती, आणि सरकारनं मलाच लग्नं लावायला बसवलं. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती आधी खो खो हसली. मग तिचा आवाज चढला. "लोकांच्या डोक्यावर अक्षता टाकत बस तू. तुझं डोकं राहू दे तसंच मोकळं!" मी म्हटलं, आई, इथं युद्ध व्हायची चिन्हं आहेत, आत्ता कुठं माझ्या लग्नाचं काढतेस? ती म्हणाली, "म्हणूनच काढते." कोल्हापूरची माणसं, वाद घालून उपयोग नसतो.

रियाधच्या आपल्या वकिलातीत मी नवाकोरा अधिकारी म्हणून रुजू झालो ते साल इराकनं कुवेत गिळल्याचं. माझ्या डोक्यात मोठमोठी स्वप्नं होती. वाटाघाटी करायच्या, खलिते लिहायचे, चार देशांच्या माणसांत उठबस करायची. प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात मला एक टेबल, एक रबरी शिक्का आणि कायद्याचं एक पातळ पुस्तक मिळालं. आधी हे काम बघणारा अधिकारी कुवेतहून आलेल्या लोकांची व्यवस्था लावायला सरहद्दीकडे गेला होता. शिक्क्यावर लिहिलं होतं, विवाह अधिकारी. रागाचं म्हणाल तर तो माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो. त्या दिवशी तो शेंडा लालभडक झाला होता. एवढा अभ्यास केला, परीक्षा दिल्या, आणि शेवटी भटजीगिरी!

पण पुस्तक वाचलं आणि थोडा निवळलो. कायदा साधा होता. परदेशात राहणाऱ्या भारतीयांना वकिलातीतल्या अधिकाऱ्यासमोर लग्न करता येतं. महिनाभर नोटीस फळ्यावर लावायची, कुणाची हरकत आहे का बघायची, तीन साक्षीदार उभे करायचे, आणि नवरानवरीनं एकमेकांना तोंडानं सांगायचं की मी तुझा स्वीकार करतो, करते. त्यातलं एक कलम मला फार आवडलं. लग्न उघड्या दारानं लागलं पाहिजे, म्हणजे वाटेवरच्या कुणालाही आत डोकावून हरकत घेता यावी. ना मुहूर्त, ना वाजंत्री, पण दार मात्र उघडं.

माझं पहिलं जोडपं डिसेंबरात आलं. मुलगा यान्बूच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. सडपातळ, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, बोलताना सारखा घसा खाकरणारा. मुलगी कतीफच्या बाजूला एका इस्पितळात नर्स. काळा पायघोळ अबाया अंगावर, पण नजर सरळ, माझ्या नजरेला भिडणारी. दोघं माझ्यासमोर बसले ते मधली एक खुर्ची रिकामी ठेवून. मी म्हटलं, अहो जवळ बसा की, लग्नाची नोटीस द्यायला आलाय ना? मुलगा म्हणाला, "सवय नाही साहेब. इथं कुणी बघितलं तर ही कोण म्हणून विचारतात."

तेव्हा मला सगळं कळलं. दोघं तासगावकडच्या शेजारशेजारच्या गावातले. लग्न लहानपणापासून ठरल्यासारखंच. पैसा गाठीला बांधायचा म्हणून दोघंही सौदीत आले, आणि वर्षभर एका देशात राहून एकदाही भेटले नाहीत. तो तांबड्या समुद्रावर, ती आखाताच्या किनाऱ्यावर, मध्ये अख्खं वाळवंट. आणि भेटून करणार काय? नवराबायको नसलेल्या बाईपुरुषांना एका गाडीत बसता येत नाही, एका टेबलावर चहा घेता येत नाही. लग्न येत्या मे महिन्यात गावी व्हायचं होतं. पण कुवेतचं प्रकरण झालं आणि इस्पितळानं नर्सेसच्या सगळ्या सुट्ट्या बंद केल्या.

कतीफ म्हणजे आघाडीच्या बाजूचा मुलूख. इराकनं काही टाकायचं ठरवलं तर आधी तिकडंच पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. यान्बू पार दुसऱ्या टोकाला, तिथं त्यातल्या त्यात धोका नाही. मुलाच्या कंपनीनं त्याला कुटुंबासाठी दोन खोल्यांचं घर देऊ केलं होतं. म्हणाले, बायको आहे ना, मग कागद आण. इस्पितळाच्या मेट्रनचंही तेच. नवऱ्याच्या गावी जायचं असेल तर तुला मोकळं करते, तुझ्या कफीलचं, त्या जामीनदार मालकाचं, मी बघते, पण कागद आण. बाकी कुणाच्याही गावी सोडणार नाही.

"एवढा कागद झाला की मी हिला घेऊन जातो," मुलगा म्हणाला. मुलीनं नोटिशीवर सही केली, आणि सहीखालची रेघ अशी जोरात ओढली की कागद फाटायचाच राहिला. मी दोघांना चहा पाजला. माझ्या खोलीत, माझ्यासमोर, दार उघडं ठेवून. वर्षभरातला त्यांचा तो पहिला चहा. मी मुद्दाम फायलीत डोकं घालून बसलो. दोघं बोलत काय होते? तर गावातल्या म्हशीबद्दल. म्हैस व्याली का, कोण बघतंय तिच्याकडं. मला मनातून इतकं हसू येत होतं की विचारू नका.

नोटीस फळ्यावर लागली. कुणी तिच्याकडं ढुंकून पाहिलं नाही, कारण सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. निम्म्या लोकांनी बायकापोरं भारतात धाडली. दुकानातला चिकटपट्ट्यांचा माल संपला, कारण प्रत्येक घराच्या काचा आतून चिकटवून बंद करायच्या होत्या. गॅसचे मुखवटे आले. आणि नोटिशीचा महिना भरतो न भरतो तोच युद्ध सुरू झालं. रियाधवर भोंगे वाजायला लागले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, आमची नवरी तर चांगली चाफेकळी नाकाची होती, तरी हे.

ठरलेल्या दिवशी सकाळी दोघं हजर. तो रात्रभर बसनं आला होता. ती इस्पितळाच्या गाडीतून, औषधं न्यायला आलेल्या माणसांबरोबर. तिला एका दिवसाची सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वॉर्डात हजर व्हायचं, आणि त्यानंतर कुणालाच कुठंही सोडणार नव्हते, कारण जखमींसाठी खाटा रिकाम्या करायचं काम चाललं होतं. म्हणजे जे काय व्हायचं ते आज. मी नवा कोट घातला होता. भाषणसुद्धा पाठ केलं होतं, चांगलं दणदणीत.

मी दोघांसमोर प्रतिज्ञापत्रं ठेवली. त्यात एक ओळ असते, की आम्ही एकमेकांच्या निषिद्ध नात्यातले नाही. मुलगा प्रामाणिक. पेन उचललं आणि थांबला. "साहेब, ह्यात काय लिहू? ही माझ्या सख्ख्या मामाची मुलगी."

आता मी कोल्हापूरचा. मामाची मुलगी म्हटल्यावर माझ्या डोक्यात शंकेचा किडासुद्धा वळवळला नाही. उलट मला आनंदच झाला. मी मोठ्यांदा म्हटलं, "आरं मामाचीच आहे ना, मग झालं तर! कर सही!" आणि माझा आवाज म्हणजे तालमीतला. तो व्हरांड्यात गेला, आणि व्हरांड्यातून आमचे मोठे साहेब चालले होते.

मोठे साहेब लखनौकडचे. अतिशय सभ्य, कधी आवाज न चढवणारे, कायदा तळहातावर लिहिल्यासारखा पाठ. ते दारात थांबले. "मामा की लड़की?" मी म्हटलं, हो सर. त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या जेवणात केरोसीन ओतलं. "ये तो भाई-बहन हुए! ये शादी नहीं हो सकती."

मुलाच्या हातातलं पेन खाली पडलं. मुलगी उठून उभी राहिली. साहेबांनी पुस्तक उघडून मला यादी दाखवली. निषिद्ध नात्यांची यादी, आणि त्यात स्पष्ट छापलेलं, मामाची मुलगी. मी ती यादी कधी नीट वाचलीच नव्हती. कशाला वाचू? आमच्याकडं मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क सांगतात! दुसरीकडं स्थळ बघायचं तर आधी मामाला विचारतात, बाबा रे, तुझी द्यायची नाही ना?

माझं डोकं फिरलं. आणि फिरलं की ते माझ्या ताब्यात राहत नाही. मी म्हटलं, "सर, माझी आई माझ्या वडिलांच्या मामाची मुलगी आहे. तुमच्या हिशेबानं माझे आईवडील कोण झाले? आणि मग मी कोण?" हे मी हिंदीत बोललो, आणि इतक्या जोरात बोललो की पासपोर्टच्या खिडकीवरची रांग वळून बघायला लागली.

साहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं, झालं, आपली नोकरी गेली, उद्या कोल्हापूरला जाऊन आईनं काढलेली स्थळं बघावी लागणार. पण त्यांनी चष्मा पुसला, पुस्तकाचं पान उलटलं आणि खालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. दोघांपैकी एकाच्या समाजात जर अशी रूढी असेल, तर लग्न लावता येतं. "लेकिन," साहेब म्हणाले, "तुम्हारे चिल्लाने से रिवाज साबित नहीं होता. लोग लाओ. जिनकी खुद ऐसी शादी हुई हो. हलफ़नामा लाओ. दफ़्तर बंद होने से पहले."

मुलीनं त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं. "साहेब, उद्या मी वॉर्डात असेन. परत इथं येता यायचं नाही." आवाज स्थिर होता, पण हातातली पिशवी तिनं दोन्ही हातांनी पिळून धरली होती. मी म्हटलं, "ताई, तुम्ही बसा. आज तुमचं लग्न लागलं नाही तर मी हा शिक्का लावायचा सोडून देईन." असली वाक्यं मी रागात बोलतो आणि मग ती निस्तरावी लागतात.

वकिलातीचा ड्रायव्हर रत्नागिरीकडचा मुसलमान, माझ्यापेक्षा वयानं मोठा, जिभेवर सदैव चेष्टा. गाडीत बसल्या बसल्या मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, आमच्यात चुलत्याची पोरगी पण चालते. तुमची गाडी मामावरच अडली होय?" मी म्हटलं, गप गाडी हाण. "हाणतो की. पण जायचं कुठं?" तोच तर प्रश्न होता. रियाधमधली निम्मी मराठी घरं कुलपं लावून बसली होती. रस्ते इतके मोकळे की लाल दिव्याला थांबायची आपल्यालाच लाज वाटावी.

मला एकच घर आठवलं. बँकेत नोकरीला असलेले एक गृहस्थ आणि त्यांची बायको, कराडच्या वहिनी. नवऱ्यानं हातापाया पडून सांगितलं तरी वहिनी भारतात गेल्या नव्हत्या. "मी गेल्यावर ह्यांना भाकरी कोण घालणार, सद्दाम?" असं त्या चारचौघांत विचारायच्या. आणि मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्यांनीच मला जेवायला वाढताना सांगितलं होतं, की त्यांना आत्याच्या घरात दिलेलं.

दार उघडलं तेव्हा वहिनींच्या हाताला कणीक होती. मी भडाभडा सगळं ओकलो. त्या ऐकून घेत होत्या आणि त्यांच्या भुवया वर वर चढत होत्या. "भाऊबहीण म्हणाला? आम्हाला? थांबा, दोन मिनिटांत साडी बदलते." मी म्हटलं, वहिनी, साडी कशाला, वेळ नाही. "मग लग्नाला अशी येऊ होय, कणकेच्या हातानं? आणि काय हो, महिनाभर नोटीस लावून बसलात, आम्हाला सांगायचं नाही? लग्न होतं का दरोडा?" मी मान खाली घातली. वहिनींनी गॅस बंद केला, हळद घेतली, डब्यातले तांदूळ ओंजळीनं पिशवीत टाकले, जेवणाच्या टेबलावरचं पांढरं कापड ओढून घडी केलं, आणि चला म्हणाल्या. बँकेतून त्यांच्या यजमानांना उचललं. ते बिचारे फोनवर कुणालातरी व्याजदर समजावत होते. वहिनींनी काचेतूनच खूण केली आणि त्यांनी फोन ठेवला. असा धाक पाहिजे!

मोठ्या साहेबांच्या खोलीत आम्ही सगळे उभे राहिलो. यजमानांनी इंग्रजीत व्यवस्थित सांगितलं, की आमच्याकडं ही रूढी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, इतकी की सून नात्यात नसली तरी सासूला आत्याबाई म्हणते आणि सासऱ्याला मामंजी. वहिनींना एवढं सभ्य बोलणं पुरेना. त्या पुढं झाल्या. "साहेब, हमारे में ऐसाच होता है. मेरे को खुद मेरे आत्या के घर में दिया. ये मेरे आत्या का लड़का. बीस साल हुआ, बताओ, क्या बिगड़ा?" यजमान छताकडं बघत होते. साहेबांनी दोघांकडून शपथेवर लिहून घेतलं, सह्या घेतल्या, कागद नीट लावला.

तरी त्यांचा चेहरा मोकळा होईना. कायद्याचं समाधान झालं होतं, माणसाचं झालं नव्हतं. हे मला दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांचा रागही येईना. माणूस ज्या घरात वाढतो त्या घराच्या भिंती बरोबर घेऊनच हिंडतो. त्यांनी मुलीला समोर बसवलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "बेटी, एक बात सच बताओ. इसको कभी राखी बाँधी है?"

मुलगी म्हणाली, "नहीं सर. कभी नहीं." आणि मग तिचं हिंदी संपलं, तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मराठीत बोलायला लागली. मी एकेक वाक्य साहेबांना सांगत गेलो. "भाऊबीजेला मी सगळ्या भावांना ओवाळायचे. चुलतभाऊ, मावसभाऊ, सगळे. ह्यांच्या पाटापाशी आले की आत्या माझ्या हातातलं ताट काढून घ्यायची. मी लहान होते, रडायचे. सगळ्यांकडून ओवाळणी मिळते, मग ह्यांच्याकडून का नाही? तर आत्या म्हणायची, गप बस, ह्याच्याकडून तुला जन्मभर घ्यायचंय."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी शेवटचं वाक्य हिंदीत सांगितलं आणि साहेब हसले. नुसते हसले नाहीत, खुर्चीत मागं रेलून हसले. ह्या पोरीनं एका वाक्यात माझा अख्खा कायदा गुंडाळून ठेवला होता. साहेबांनी फाईल माझ्याकडं सरकवली. "शुरू कीजिए. और मैं भी आता हूँ."

माझ्या खोलीत टेबल बाजूला सारलं. वहिनींनी तांदळाला हळद फासली. ड्रायव्हर तिसरा साक्षीदार, तो केस विंचरून आला. टेबलाच्या कापडाचा अंतरपाट झाला, एक टोक यजमानांच्या हातात, दुसरं ड्रायव्हरच्या. कायद्याला अंतरपाट लागत नाही, पण कायदा नकोही म्हणत नाही. वहिनींनी अबायाच्या गळ्यापाशी आपला मोत्याचा सर घातला. मुलगी म्हणाली, "परत देते हं." वहिनी म्हणाल्या, "दिलास तर बघ."

मंगलाष्टकं कुणालाच धड येईनात. यजमानांना पहिलं कडवं येत होतं, वहिनींना शेवटचं. मधलं आम्ही आ ऊ करून भागवलं. अंतरपाट खाली घेतला, अक्षता पडल्या, आणि मी कोट सारखा करून म्हटलं, आता एकमेकांना म्हणा. तेवढ्यात भोंगा वाजला.

दिवसाढवळ्या! खालून रखवालदार धावत आला. हुकूम होता, दारं बंद, खिडक्या बंद, सगळ्यांनी मुखवटे घालून आतल्या खोलीत. त्यानं माझं दार धरलं आणि ओढायला लागला. मी ओरडलो, "दाराला हात लावू नको! दार उघडं पाहिजे!" त्याला वाटलं ह्याचं डोकं सरकलं. तो बरोबरच होता म्हणा, त्याचं काम तो करत होता. पण माझ्यासमोर कायदा होता. दार बंद करून लावलेलं लग्न उद्या कुणी खोटं ठरवलं तर ह्या दोघांनी पुन्हा कुठं जायचं?

आणि मग आमचे मोठे साहेब, आयुष्यात एकही नियम न मोडलेले, त्यांनी एक खुर्ची उचलली, सरळ उंबऱ्यावर ठेवली आणि मुखवटा घालून तिच्यात बसले. आता दार लागणंच शक्य नव्हतं. मुखवट्यातून त्यांचा आवाज घुमत आला. "ओपन डोअर्स. कानून है. जल्दी कीजिए." त्या क्षणी मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. मी नाही धरले, वेळ नव्हता.

नवरी आधी नर्स, मग नवरी. तिनं पटापट सगळ्यांचे मुखवटे तपासले. वहिनींचा पट्टा ओढला, माझ्या हनुवटीखाली बोट घालून पाहिलं, नवऱ्याचा मुखवटा काढून सरळ करून पुन्हा बसवला. "एवढं येत नाही होय तुम्हाला?" ती म्हणाली, आणि भोंग्याच्या त्या कल्लोळातही वहिनी फिसकन हसल्या. मग तिनं माझ्याकडं पाहून विचारलं, "साहेब, बोललेलं तुम्हाला ऐकू गेलं पाहिजे ना?" मी मान हलवली. तिनं स्वतःचा मुखवटा कपाळावर सारला. त्यानंही सारला. तो म्हणाला, मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो. घसा न खाकरता म्हणाला. ती म्हणाली, मी तुम्हाला माझे कायदेशीर पती म्हणून स्वीकारते. भोंग्याच्या वर तिचा आवाज मला शब्द न्‌ शब्द ऐकू आला, आणि मी माझ्या आयुष्यातलं पहिलं लग्न लागल्याचं जाहीर केलं. पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठं गेलं होतं. "लागलं!" एवढंच मी मुखवट्यात ओरडलो. "लागलं लग्न!"

कुठंही काही पडलं नाही. थोड्या वेळानं धोका टळल्याचा भोंगा झाला. आम्ही मुखवटे काढले तेव्हा प्रत्येकाच्या तोंडावर पट्ट्यांचे वळ उठलेले, आणि त्या वळांसकट सगळे हसत होते. सह्या झाल्या. मी शिक्का असा हाणला की टेबलावरचा चहा सांडला. अरबी तर्जुमा करणाऱ्या मौलवींना साहेबांनी स्वतः जाऊन गाठलं आणि त्याच बैठकीला कागद अरबीत करून घेतला, वर वकिलातीचा गोल ठसा. वहिनींनी उखाण्याचा आग्रह धरला. मुलीनं उखाणा घेतला. त्यात तिनं जे नाव घेतलं ते मी इथं लिहीत नाही, ते त्यांच्या घरचं आहे.

त्या दिवशी दोघं वहिनींकडं जेवली, राहिली. सकाळी ड्रायव्हरनं ओळखीची टॅक्सी करून दिली. आधी कतीफ, तिथं मेट्रनला कागद दाखवायचा, तिचं सामान घ्यायचं, आणि मग उलट फिरून पार यान्बू. वाटेत चौक्याच चौक्या. सैन्य रस्त्यावर होतं आणि प्रत्येक गाडी थांबवत होतं. मी दिवसभर फोनपाशी बसून होतो. कुणी दुसऱ्याच कामासाठी फोन केला की त्याच्यावर खेकसत होतो. मोठे साहेब दोनदा खोलीत येऊन गेले, काही न विचारता. दोन्ही वेळा मी नुसती मान हलवली.

दुपार कलली आणि फोन वाजला. मुलगी होती. कतीफमधूनच, इस्पितळाच्या दाराशी असलेल्या दुकानातून बोलत होती. मेट्रननं कागद पाहिला, तिला मोकळं केलं, आता सामान टॅक्सीत घालून निघायचं होतं. मी म्हटलं, वाटेत त्रास नाही ना झाला? चौकीवर अडवलं का?

"अडवलं की," ती म्हणाली. "पोलिसानं खिडकीतून वाकून ह्यांना विचारलं, ही कोण? ह्यांनी कागद दिला. त्यानं वाचला, मब्रूक म्हणून अभिनंदन केलं, कागद परत दिला, यल्ला, निघा म्हणाला. झालं की नाही? तर हे गाडीतून खाली उतरले, साहेब. त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, झौजती. माझी बायको आहे. तो म्हणतोय हो हो, कळलं, जा. हे पुन्हा म्हणतायत, झौजती. मागं गाड्यांची रांग लागली, टॅक्सीवाला हॉर्न वाजवतोय, आणि हे आपले तेच. मी ओढून आत घेतलं तेव्हा बसले. तुम्ही तरी समजावा ह्यांना, यान्बूपर्यंत अजून किती चौक्या आहेत."

मी म्हटलं, "ताई, मी काही समजावणार नाही. प्रत्येक चौकीवर सांगू दे त्याला."